बिल्ड फेल झाल्याचा मेल नक्की कोणाला जावा? जेनकिन्सचं ईमेल एक्स्टेन्शन प्लगइन आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे रेपो (सगळा कोड ठेवायची जागा) एक आणि डेव्हलपर 34. कोड एकत्र करून तो नीट चालतो का ते तपासणं म्हणजे बिल्ड, आणि आमचे बिल्ड जेनकिन्स हे सॉफ्टवेअर आपोआप चालवतं. पूर्वी बिल्ड फेल झाला की मेल सगळ्यांना जायचा, आणि जवळजवळ प्रत्येकाने आउटलुकमध्ये रूल लावून तो एका फोल्डरमध्ये ढकलून दिलेला होता. एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीज ब्रँच (रिलीजसाठीची कोडची शाखा) लाल झाली, म्हणजे तिचा बिल्ड फेल झाला. आम्हाला कळलं सोमवारी दुपारी, टेस्टिंगवाल्यांनी विचारल्यावर. त्याच आठवड्यात मी ईमेल एक्स्टेन्शन हे प्लगइन (जेनकिन्सला मेलचे जास्त पर्याय देणारी जोड) बसवलं.

मेल कोणाला जावा यासाठी यात बरेच पर्याय आहेत. 'डेव्हलपर्स' निवडलं तर त्या बिल्डमध्ये ज्यांचे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) आहेत त्यांनाच मेल जातो. 'कल्प्रिट्स' (म्हणजे दोषी) निवडलं तर बिल्ड शेवटचा पास झाल्यापासून ज्यांनी ज्यांनी कमिट केलं त्या सगळ्यांना. मी आधी कल्प्रिट्स लावलं आणि फसले. सोमवारी एकाच्या कमिटने बिल्ड मोडला, तो बुधवारपर्यंत कोणी दुरुस्त केला नाही आणि यादी 11 जणांवर गेली. त्यातल्या एकीने फक्त बटणाचा रंग बदलला होता! मग 'ज्या बिल्डपासून फेल व्हायला लागलं त्यातले संशयित' हा पर्याय घेतला. त्यासाठी बिल्ड मात्र लहान लागतात. आमचा बिल्ड रात्री एकदाच, दिवसभराचे कमिट गोळा करून चालायचा, म्हणजे संशयित अर्धं ऑफिस. प्रत्येक पुशला (कोणी कमिट सर्व्हरवर पाठवले की लगेच) बिल्ड सुरू केला तेव्हा यादी एक-दोन नावांवर आली.

पहिल्या आठवड्यात काही जणांना मेलच मिळेना. लॉग (बिल्ड चालताना होणाऱ्या नोंदी) पाहिला तर कारण तिथेच लिहिलेलं: जेनकिन्सला माहीत नसलेल्या युजरला मेल पाठवत नाही. कोणाच्या गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) खासगी ईमेल, कोणाच्या गिटमध्ये लॅपटॉपचंच नाव. ही अट बंद करणारी सेटिंग आहे, पण कृपा करून ती वापरू नका. कमिटवर कोणीही कोणताही पत्ता लिहू शकतो आणि तुमचा बिल्ड लॉग बाहेर जाऊ शकतो. आम्ही सर्व्हरवर हुक (पुश येताच आपोआप चालणारी तपासणी) लावला. कमिटवर कंपनीचा पत्ता नसेल तर पुशच होत नाही.

नव्या ब्रँचच्या पहिल्या बिल्डला चेंजलॉग (आधीच्या बिल्डनंतरच्या बदलांची यादी) रिकामा असतो, त्यामुळे मेल कोणालाच जात नव्हता. हे लक्षात यायला दोन महिने गेले. आता यादी रिकामी आली तर पाइपलाइन (बिल्डचे टप्पे लिहिलेली स्क्रिप्ट) गिटला शेवटच्या कमिटचा ईमेल विचारते आणि तिथे पाठवते.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच. एकदा बिल्ड मशीनची डिस्क भरली, बिल्ड फेल झाला आणि मेल गेला नुकत्याच रुजू झालेल्या मुलीला. रात्री साडेनऊला तिचा फोन. "ताई, मी चार वेळा सगळा कोड तपासला, माझं काय चुकलंय तेच सापडत नाहीये." तिचं काहीच चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पाइपलाइन बदलली. चेकआउट (रेपोतून कोड घेणं), मशीन किंवा नेटवर्कच्या टप्प्यावर फेल झालं तर मेल फक्त आम्हा बिल्डवाल्यांना, आणि कंपाइल (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं) किंवा टेस्टमध्ये फेल झालं तरच डेव्हलपरला. मेलच्या मजकुरातून 'कल्प्रिट' शब्दही काढला. आता विषयात ब्रँच आणि फेल झालेला टप्पा असतो, खाली लॉगच्या शेवटच्या 50 ओळी आणि बिल्डची लिंक. बिल्ड पुन्हा पास झाला की त्याच माणसांना 'दुरुस्त झाला' असा मेल जातो. तो मेल सगळ्यांना फार आवडतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्ट. त्या निमित्ताने रोज कोणातरी निरपराध माणसाला मेल जातोच. तूर्त अशा 17 टेस्ट मी वेगळ्या जॉबमध्ये काढल्या आहेत. त्यांचे मेल फक्त मला येतात आणि रोज सकाळी मी ते एक-एक वाचते.