पैसे लेसरचे घेतले, ऑपरेशन फेकोचंच केलं

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा बिल झालं ९२ हजार. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे ज्या दोन गोष्टींचे होते, लेसर आणि मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग, त्या झाल्याच नाहीत. झालं ते फेको, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याचं ऑपरेशन.

तिथल्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, "फेकोत ब्लेड लागतं, लेसरमध्ये काहीच कापाकापी नाही. आणि मल्टिफोकल भिंग टाकलं की आईंचा चष्मा सुटला." आई घाबरलेली, मला रजा नव्हती. सही करून टाकली.

दीड महिन्याने आई तांदूळ निवडायला बसली. ताट लांब धरून बघते, जवळ आणून बघते. समोरच्या दुकानाची पाटी घडाघडा वाचणाऱ्या तिला खडा दिसेना. दुसऱ्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासलं. तसल्या मल्टिफोकल भिंगावर बारीक वर्तुळं दिसतात, इथे एकही नव्हतं. भिंग साधं, मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारं. भिंगाच्या खोक्यातला कंपनी, मॉडेल, नंबर असलेला स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावतात, ती जागा कोरी. ऑपरेशनच्या कागदावर चक्क 'फेको' लिहिलेलं. चौकशी केली तर लेसरचं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतंच.

राग फेकोवर नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू फोडून ओढून घेतात, उत्तम पद्धत आहे. लेसर छेद देतं, मोतीबिंदूचे तुकडे करतं, पण ते बाहेर काढायला बहुतेक वेळा फेकोचंच यंत्र लागतं. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत (२०२०) लेसर फेकोपेक्षा सरस ठरलं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू फार पिकलेला, कडक होता. ट्रस्टच्या दवाखान्यातल्या सर्जन बाईंनी स्वतः समोर बसवून सांगितलं, "यांना एसआयसीएस बरं." म्हणजे मोतीबिंदू यंत्राने न फोडता हाताने काढायचा. छेद सहा-सात मिलिमीटरचा, तरी टाका नाही, आपोआप बंद होतो. खर्च पहिल्याच्या पावभागही नाही. आणि नजर? लांबचं दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसतं.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर पैसे भरण्याआधी पद्धत आणि भिंगाचं मॉडेल एस्टिमेटवर लिहून घ्या. सर्जनशीच बोला. स्टिकर लावल्याशिवाय कार्ड घेऊ नका. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर मल्टिफोकल चालेल का, हे आवर्जून विचारा.

ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते. कोऱ्या जागेचं ते कार्ड पहिल्याच पानाला जोडलंय.