आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण : सत्तरी तालुक्यातल्या अंगणातून नेपच्यूनच्या मागावर

सूर्यमालेच्या कडेला अजून न सापडलेला एखादा ग्रह असेल का, या प्रश्नाची ओढ मला शाळेपासून आहे. नवव्या ग्रहाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात; परंतु असा शोध लागतो म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, शोधणारा कशाकडे पाहतो आणि त्याला काय दिसते, हे त्या बातम्यांतून उमगत नाही. ते स्वतःच्या डोळ्यांनी कळावे म्हणून मी दोन वर्षांपूर्वी साधारण ५० हजार रुपये खर्चून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईजवळच्या आमच्या घराच्या अंगणात दोन हिवाळे ती वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. चंद्रावरची विवरे, शनीची कडी, गुरूचे उपग्रह यांविषयी येथे फारसे लिहिणार नाही, कारण ते बऱ्यापैकी कोणत्याही दुर्बिणीतून दिसतात. माझा प्रश्न निराळा होता. आठशे ताऱ्यांत दडलेला एक ग्रह मला या यंत्राने ओळखता येईल का?

यंत्र अगदी साधे आहे. २०३ मिलिमीटर व्यासाचा आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, आणि खाली भुसा दाबून केलेल्या फळ्यांची फिरती बैठक. मोटार नाही, संगणक नाही. नळी हाताने ढकलायची आणि आकाश सरकेल तसे तिला सरकवत राहायचे. सोबत मिळालेली २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, ४८ पट मोठे दाखवते, १० मिलिमीटरची १२० पट. नळी आणि बैठक मिळून वजन सुमारे २० किलो भरते, त्यामुळे दोन खेपा कराव्या लागतात. आमच्याकडे पोचली तेव्हा आरशांची जुळणी पार बिघडलेली होती आणि बैठकीचे दोन स्क्रू पेटीत नव्हते. विक्रेत्याला तीनदा कळवूनही ते आले नाहीत, शेवटी बाजारातून मिळतेजुळते आणून बसवले. जुळणी शिकण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. ती होईपर्यंत प्रत्येक ताऱ्याला धूमकेतूसारखे शेपूट दिसत होते, आणि जुळणी होताच तेच तारे सुईच्या टोकाएवढे झाले. नव्या ग्राहकाने या टप्प्याआधी दुर्बिणीविषयी कोणतेही मत बनवू नये.

नेपच्यूनची तेजस्विता साधारण ७.८ प्रतीची (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. सध्या तो मीन तारकासमूहात आहे आणि गोव्याच्या अक्षांशावरून मध्यरात्रीच्या आत बराच उंच चढतो, ही आपली मोठी सोय आहे. नकाशा हाती धरून, ताऱ्यामागून तारा गाठत, मी चौथ्या रात्री योग्य जागी पोचलो असे मला वाटले. वाटले असेच म्हणावे लागेल, कारण ग्रहाची तबकडी जेमतेम सव्वादोन विकलांची आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग; साठ विकलांची एक कला). १२० पटीने पाहिल्यावर हवा स्थिर असेल तरच तो किंचित निळसर, किंचित जाडसर ठिपका भासतो. हवा थरथरत असेल तर शेजारच्या ताऱ्यात आणि त्याच्यात फरक उरत नाही. तेथेच मला या शोधातली खरी अडचण कळली. दूरचा ग्रह त्याच्या रूपावरून सापडत नाही, त्याच्या चालीवरून सापडतो.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर, नरकासुराच्या रात्रीच्या चार दिवस आधी, २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेत दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांच्या जागा मी ट्रेसिंग कागदावर उतरवल्या. विजेरीला लाल कागद बांधला होता, नाहीतर डोळ्यांना आलेली अंधाराची सवय मोडते. नरकासुराच्या रात्री धूर आणि दिव्यांमुळे काही करता आले नाही. पहिल्या नकाशानंतर सहाव्या रात्री दुसरा नकाशा माझ्या नववीतल्या भाचीने काढला; पहिला कागद मी तिला मुद्दाम दाखवला नव्हता. सकाळी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. तारे तंतोतंत जुळले आणि एकच ठिपका चुकला. "मामा, हाच सरकलाय," ती म्हणाली. सरक होती फक्त सात-आठ कलांची, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा.

हे सहा दिवसांचे अंतर मी सहज निवडले नव्हते. १९३० साली अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांनी २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा, आलटून पालटून दाखवणाऱ्या यंत्रात, १८ फेब्रुवारीला पडताळल्या आणि लाखो ताऱ्यांत एक ठिपका जागा बदलताना दिसला, तो प्लूटो. १८४६ मध्ये बर्लिनमध्ये गाले आणि डारेस्ट या खगोलशास्त्रज्ञांनीही फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांच्या गणिताने सांगितलेल्या जागी आकाश आणि छापील नकाशा ताडून नेपच्यून शोधला, आणि तो भाकितापासून एका अंशाच्या आत होता. त्याच्या दोन शतके आधी, १६१२-१३ च्या हिवाळ्यात, गॅलिलिओने गुरूचे वेध घेताना नेपच्यून तारा म्हणून टिपला होता. एका नोंदीत तर दोन ताऱ्यांमधले अंतर बदललेले वाटते असेही त्याने लिहिले. खिडकीशी उभे राहून ते कागद धरताना गॅलिलिओच्या त्या नोंदीची किंमत मला जशी कळली तशी वाचून कधी कळली नसती.

आता मर्यादा. प्लूटो सध्या चौदाव्या प्रतीहूनही मंद आहे आणि आमच्या दमट आकाशात या आरशाला तो झेपत नाही. त्यासाठी दहा-बारा इंची आरसा आणि फार काळोखी जागा हवी. नवव्या ग्रहाची गोष्ट तर त्याच्याही पलीकडची. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ बाटिगिन आणि ब्राउन यांनी सेडनासारख्या काही दूरच्या पिंडांच्या कक्षा एकाच दिशेला झुकलेल्या आहेत असे दाखवून, पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा एक न पाहिलेला ग्रह सुचवला. पुढे त्यांचा अंदाज काहीसा हलका आणि जवळचा झाला. काही संशोधकांचा आक्षेप असा, की दुर्बिणी जिथे रोखल्या तिथेच पिंड सापडले, म्हणून तो कल भासमान असू शकतो. मला हा आक्षेप गंभीर वाटतो. सूर्याचा प्रकाश तिथवर जाऊन परत यायचा असल्यामुळे ग्रहाचे तेज अंतराच्या चौथ्या घाताने घटते. नेपच्यून आहे त्याच्या वीसपट दूर नेला तर तो १ लाख ६० हजार पट मंद होईल. पाचशे खगोलीय एककांवरचा, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाचशेपट दूरचा, ग्रह सहा रात्रींत फार तर चाळीस विकला सरकेल. असे काम चिलीतल्या रुबिन वेधशाळेसारख्या, ८.४ मीटर आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्या दुर्बिणीचे आहे. पण पद्धत तीच, दोन रात्री ताडून पाहण्याची.

गोव्यात ही दुर्बीण घेणाऱ्याने हवेचा विचार आधी करावा. पहिल्या पावसाळ्यात बैठकीच्या फळ्यांच्या कडा फुगल्या; त्यांना वॉर्निश लावायला मी उशीर केला. नेत्रिका आता घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, कारण काचेवर एकदा बुरशी धरली की ती पुसून जात नाही. किनाऱ्याकडच्या घरांत खारी हवा आरशाच्या मुलाम्यालाही सोडणार नाही, शिवाय तिथले दिवे रात्रभर जळतात. सत्तरी, सांगे, काणकोण येथल्या वाचकांना हे यंत्र अधिक फळेल. केवळ नेपच्यूनसाठी घेणार असाल तर सप्टेंबरच्या आत मागवा आणि जुळणी शिकून ठेवा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरअखेरपर्यंत तो चांगला सरकतो, पुढे चाल मंदावते, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रह जवळजवळ थांबतो; तेव्हा काढलेले दोन नकाशे कितीही ताडले तरी सगळेच ठिपके जुळतात.