जॉर्ज टाउनचा लाक्सा आणि मुगाची बिस्किटे

मलेशियातील पेनांग बेटावरील जॉर्ज टाउनमध्ये गाडीवरच्या आसाम लाक्साचा (माशाच्या आंबट रश्श्यातील शेवयांचा; मलय भाषेत ‘आसाम’ म्हणजे आंबट) पहिला घोट घेतला आणि थेट कोकण आठवले. कारण रश्श्यात कुस्करलेला मासा आपला बांगडाच असतो आणि चिंचेच्या जोडीला घातलेल्या आंबट, वाळक्या चकत्याही कोकमाच्याच कुळातील फळाच्या असतात. तांदळाच्या जाड शेवयांवर पुदिना, अननस, काकडी आणि कोळंबीचा काळा, दाट अर्क येतो. हा अर्क मात्र बेताने ढवळावा, त्याचा वास उग्र असतो. एका गाडीवरचा ‘चार क्वे त्याव’ (तांदळाच्या चपट्या शेवया परतून केलेला पदार्थ) फारच तेलकट निघाला. मुगाच्या गोड-खारट सारणाची, तळलेल्या कांद्याचा वास असलेली तांबुन बिस्किटे करंजीसारखी पापुद्रेदार लागतात. शाकाहारींनी मात्र डुकराच्या चरबीविषयी विचारूनच घ्यावीत.