कोरोनाग्राफ की स्टारशेड: पुढच्या मोठ्या दुर्बिणीवर काम करायचंय तर कशात पडावं?

हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी या नासाच्या नियोजित अवकाश दुर्बिणीच्या टेक्नॉलॉजीवर काम करायची इच्छा आहे पण कोरोनाग्राफवाल्यांकडे जावं की स्टारशेडवाल्यांकडे (दोन्ही ताऱ्याचा उजेड अडवून शेजारचा ग्रह बघायच्या पद्धती) हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. आधीच सांगून टाकतो, मला कल्पना म्हणून स्टारशेड जास्त आवडतो आणि सल्ला मात्र बहुतेकांना कोरोनाग्राफचाच देईन.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खगोलवाले एकत्र बसून पुढे काय बांधायचं ते ठरवतात, त्याला डेकेडल सर्व्हे म्हणतात. २०२१ च्या सर्व्हेने सांगितलं की अल्ट्राव्हायोलेटपासून इन्फ्रारेडपर्यंत बघणारी साधारण ६ मीटर आरशाची दुर्बीण करा, खर्च अंदाजे ११ अब्ज डॉलर, उड्डाण २०४० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि राहण्याजोगे वाटतील असे २५ च्या आसपास ग्रह तिने थेट बघावेत. तीच ही हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी. थेट म्हणजे ताऱ्याशेजारचा तो ठिपका वेगळा काढून त्याचा स्पेक्ट्रम घ्यायचा, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून हवेत काय आहे ते बघायचं. गाडं इथेच अडतं, कारण दृश्य प्रकाशात आपली पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे हजार कोटी पट मंद आहे. ताऱ्याचा उजेड कुठेतरी अडवायलाच लागतो, आणि तो दुर्बिणीच्या आत अडवायचा की बाहेर, सगळा वाद एवढ्यावर आहे.

कोरोनाग्राफ आत अडवतो. बर्नार ल्यो यांनी १९३० च्या दशकात सूर्याचा कोरोना बघायला केलेली युक्तीच ही, फक्त आता तारा झाकणाऱ्या मास्कच्या जोडीला डिफॉर्मेबल मिरर असतात, म्हणजे मागे शेकडो-हजारो छोटे ॲक्च्युएटर लावलेला आरसा, जो प्रकाशाच्या लाटेतल्या बारीक चुका दुरुस्त करत बसतो. स्टारशेड बाहेर अडवतो. हजारो किलोमीटर पुढे फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडांची एक भली मोठी चकती उभी करायची आणि दुर्बिणीने तिच्या सावलीत बसायचं. पाकळ्या शोभेच्या नाहीत, साध्या गोल चकतीच्या कडेवरून वळलेला प्रकाश सावलीच्या बरोबर मध्यात पुन्हा ठिपका करतो, तो टाळायला तसा आकार लागतो. अवकाशात ताऱ्यापुढे आडोसा धरायची कल्पना लायमन स्पिट्झर यांनी १९६२ सालीच मांडली होती.

डोक्याला ताप दोन्हीकडे आहे, फक्त जागा वेगळी. कोरोनाग्राफ घेतला की अख्खी दुर्बीणच अवघड होऊन बसते, कारण निरीक्षण चालू असताना आरशांची स्थिती दहा-वीस पिकोमीटरच्या आत स्थिर राहायला हवी, आणि हायड्रोजनचा एक अणूच शंभरेक पिकोमीटरचा असतो, यावरून काय ते समजा. त्यात ६ मीटरचा आरसा तुकड्यांचा असण्याचीच शक्यता जास्त, मग तुकड्यांमधल्या फटी स्वतःच प्रकाश पसरवतात. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या व्हॅक्युम चेंबरमध्ये ४ गुणिले १० चा उणे १० वा घात इतका कॉन्ट्रास्ट (ताऱ्याच्या मानाने उरलेला उजेड) मिळालाय, म्हणजे जवळजवळ पोचलो, पण तो अखंड गोल ॲपर्चरवर, म्हणजे एकसंध आरशासारख्या तोंडावर, आणि १० टक्के बँडविड्थवर, म्हणजे रंगांच्या अरुंद पट्ट्यात. तुकड्यांचा आरसा, रुंद बँड आणि तासन्‌तास स्थिरता हे सगळं एकदम, ते काम अजून बाकी आहे, आणि नव्या माणसाला जागा आहे ती इथेच.

स्टारशेडला दुर्बीण कशीही चालते, आरसा तुकड्यांचा असला तरी त्याला फरक पडत नाही. पण हॅबेक्स नावाच्या, अशाच दुर्बिणीच्या आधीच्या अभ्यासातला स्टारशेड ५२ मीटरचा होता आणि दुर्बिणीपासून ७६,६०० किलोमीटर लांब! तो घडी करून रॉकेटात न्यायचा, वर उघडायचा, पाकळ्यांच्या कडा सूर्याचा उजेड चमकू नये म्हणून ब्लेडसारख्या धारदार ठेवायच्या, आणि एवढ्या अंतरावर दुर्बीण सावलीच्या मध्यापासून एक मीटरभरसुद्धा सरकू द्यायची नाही. तारा बदलायचा म्हटलं की स्टारशेडला हजारो किलोमीटर सरकावं लागतं, त्यात दिवस किंवा आठवडे जातात आणि इंधन जळतं ते वेगळंच, त्यामुळे शंभर तारे चाळून बघायचं काम त्याच्याने व्हायचं नाही. आणि खरी गोम अशी की पूर्ण आकाराची, खऱ्या अंतरावरची चाचणी जमिनीवर होऊच शकत नाही, छोट्या मॉडेलवर ऑप्टिक्स तपासायचं आणि बाकी गणितावर विश्वास ठेवायचा.

मग स्टारशेड हवाच कशाला? तर हा हिशोब बघा, तो फारसा कोणी समोर ठेवत नाही. आपल्यासारखी सूर्य-पृथ्वी जोडी १० पार्सेकवर (सुमारे ३३ प्रकाशवर्षं) असेल तर दोघांमधलं अंतर ०.१ आर्कसेकंद दिसतं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कोरोनाग्राफचा आतला आंधळा गोल, म्हणजे ताऱ्याभोवतीचा जो भाग त्याला दिसतच नाही तो, वेव्हलेंथबरोबर (प्रकाशाच्या तरंगलांबीबरोबर) वाढतो. ६ मीटरच्या आरशाला तो (आंधळा भाग तीन लॅम्डा भागिले डी धरला तर; लॅम्डा म्हणजे वेव्हलेंथ, डी म्हणजे आरशाचा व्यास) ५०० नॅनोमीटरला ०.०५ आर्कसेकंद येतो, म्हणजे ग्रह आरामात दिसेल, पण पाण्याचा जो पट्टा सगळ्यांना बघायचाय त्या ९४० नॅनोमीटरला तोच ०.१ च्या जवळ जातो आणि ग्रह काठावर येतो. स्टारशेडमध्ये हा गोल चकतीचा आकार आणि अंतर यावर ठरतो, त्यामुळे ज्या पट्ट्यासाठी डिझाईन केलंय त्यात तो साधारण तोच राहतो, सगळा पट्टा एकदम मिळतो, आणि ओझोनची अल्ट्राव्हायोलेटमधली खूणही आवाक्यात येते, जिथे कोरोनाग्राफची दमछाक होते. म्हणून हॅबेक्सने दोन्ही घेतले होते, शोधायला कोरोनाग्राफ आणि निवडक ग्रहांच्या स्पेक्ट्रमला स्टारशेड. मला तरी हेच शहाणपणाचं वाटतं. पैसे कोण देणार हा भाग वेगळा.

आता तुमचं काय. नव्या दुर्बिणीचा मूळ आराखडा कोरोनाग्राफवर उभा आहे. शिवाय जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट, १० अब्ज डॉलरच्या घरात गेल्यापासून आधी टेक्नॉलॉजी पिकवा मग बांधा असा आग्रह आहे, डेकेडलने तर त्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅमच सुचवला. याचा अर्थ टेस्टबेडवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणी-मांडणीवर, बरीच वर्षं काम असणार. ऑप्टिक्स, कंट्रोल, डिटेक्टर, अल्गोरिदम यातलं काही आवडत असेल तर सरळ कोरोनाग्राफ घ्या, तीच कौशल्यं जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींच्या ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सला (हवेमुळे हलणारी प्रतिमा सुधारायच्या तंत्राला) लागतात, म्हणजे उड्डाण लांबलं तरी तुम्ही रिकामे बसणार नाही.

मेकॅनिकलवाले असाल, घडी घालून उघडणारी स्ट्रक्चर्स किंवा फॉर्मेशन फ्लाईंग (दोन यानं ठरावीक अंतर राखून उडवणं) हा तुमचा प्रांत असेल, तर मात्र माझं ऐकू नका. युरोपचं प्रोबा-३ डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या पीएसएलव्हीवरून गेलं, त्यात एक यान सुमारे दीडशे मीटर मागच्या दुसऱ्या यानासाठी सूर्य झाकतं, मिलिमीटरच्या अचूकतेने. स्टारशेडपुढे हे अंतर काहीच नाही, पण दोन यानांनी मिळून एक उपकरण होणं आता कागदावरचं राहिलेलं नाही, आणि हे काम येणारी माणसं फक्त ग्रह शोधणाऱ्यांनाच लागतात असंही नाही.

अजूनही ठरत नसेल तर नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीच्या कोरोनाग्राफकडे बघा. तिच्यात दोन डिफॉर्मेबल मिरर आहेत, प्रत्येकी ४८ गुणिले ४८ ॲक्च्युएटरचे, आणि पहिल्या दीड वर्षात त्या उपकरणाला तीनेक महिन्यांचा निरीक्षण वेळ ठेवलाय. अवकाशातल्या अशा कोरोनाग्राफचा खरा डेटा पहिल्यांदा तिथूनच येणार, त्याच्यावर सहा महिने झटापट करून बघा, आवडलं नाही तर स्टारशेडचं दार तोवर काही बंद होत नाही.