पंचगंगेच्या पुरात माडीवर थांबायचं की आधीच घर सोडायचं?

हा प्रश्न ज्यांच्या घराला वरचा मजला आहे त्यांनाच पडतो. बैठं घर असेल तर निघायचंच, त्यात बोलण्यासारखं काही नाही. पण कोल्हापूरच्या पूरपट्ट्यात माडीची घरं भरपूर आहेत, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की प्रत्येक घरात हाच विषय सुरू होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, त्यामुळे ते सोडतो. आम्ही २०१९ चा पूर वर थांबून काढला आणि २०२१ ला पाणी यायच्या आधीच घर सोडलं. दोन्ही वेळा जे अनुभवाला आलं ते लिहितोय. तुमची गल्ली वेगळी, घरातली माणसं वेगळी, हे धरूनच वाचा.

थांबण्याच्या बाजूने बोलण्यासारखं खरोखर बरंच आहे. पंचगंगा सहसा तासाला काही इंचांनी चढते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चौघींचं पाणी शहरापर्यंत पोचायला वेळ लागतो. घरात माणसं असली की तेवढ्या वेळात गाद्या, धान्याचे डबे, मिक्सर, मुलांची दप्तरं, सगळं वर जातं. फ्रिज आणि कपाट चौघांनी मिळून जिन्यावरून चढवता येतं. घराला कुलूप लावून गेलेल्यांना चोरीची जी धास्ती असते तीही नसते. फक्त नदी दर वेळी एवढा वेळ देते असं नाही. २०२१ ला २२ आणि २३ जुलैला पाणी झरझर चढलं, आणि पातळी २०१९ चे ५५ फूट ओलांडून ५६ च्या वर गेली.

थांबण्याचा सगळ्यात मोठा फायदा पाणी उतरताना कळतो, आणि तो मी आजही मानतो. पाणी जिन्याची एकेक पायरी सोडायला लागलं की त्याच पाण्याने भिंती आणि फरशी खराट्याने घासत खाली यायचं. गाळ ओला आणि हलता आहे तोवर पाण्याबरोबर बाहेर जातो. एकदा वाळला की फावड्याने खरवडावा लागतो, आणि तेव्हा धुवायला नळाला पाणी नसतं. २०१९ ला आमच्या खालच्या खोल्या आजूबाजूच्या बंद घरांच्या मानाने फार लवकर राहण्याजोग्या झाल्या. कोपऱ्यात, चौकटीच्या खाचेत, विजेच्या बोर्डात गाळ बसला नाही.

जेवणाची आणि उजेडाची काळजी लोक जास्त करतात असं मला वाटतं. सिलिंडर आणि शेगडी वर नेली की कुकरमध्ये खिचडी होते. फुटाणे, शेंगदाणे, भडंग यांवर माणसं बरीच निभावतात. वीज महावितरण बंद करतंच आणि ती बंद असणंच बरं. इन्व्हर्टर खालच्या मजल्यावर असेल तर तो आधी वर न्यायला हवा, कारण बॅटरी दोन माणसांशिवाय उचलत नाही. पॉवर बँक भरून ठेवल्या आणि मोबाईल फक्त बातम्या आणि फोनपुरता वापरला तर तोही टिकतो.

पाण्याचं मात्र तसं नाही. मोठ्या पुरात शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रंच बुडतात, त्यामुळे ज्या भागात पुराचा थेंब नाही तिथेही नळ कोरडे पडतात. तिथल्यांना निदान टँकर तरी मिळतो. पाण्याने वेढलेल्या गल्लीत टँकर कसा येणार? वर थांबणाऱ्याची सगळी भिस्त गच्चीवरच्या टाकीवर असते.

आणि माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट इथूनच सुरू होते: संडास. पूर काढलेली माणसं यावर मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मी सविस्तर लिहितो.

खालचा संडास पहिल्याच दिवशी जातो. बाहेरचं पाणी उंबऱ्याला लागण्याआधीच ड्रेनेज उलटं येतं आणि भांड्यातून काळं पाणी वर यायला लागतं. वरचा संडास पाण्याच्या पातळीच्या वर असतो, त्यामुळे तो चालतो असं वाटतं, आणि चालतोही. पण दोन्हींचा पाइप खाली एकच. सेप्टिक टँक पाण्याखाली आणि काठोकाठ भरलेला. वरून ओतलेलं जाणार कुठे? वाट मिळेल तिथून बाहेर पडतं, आणि सगळ्यात जवळची वाट म्हणजे खालच्या मजल्यावरचं आपलंच भांडं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या पाण्यात ते येऊन मिसळतं. हे लक्षात आल्यावर घरातली बायकामाणसं दिवसभर पाणी प्यायचं टाळायला लागली. माझ्या वृद्ध आईने तर जेवणही कमी केलं आणि कारण कुणाला सांगितलं नाही.

शिवाय पाण्याचा हिशोब. सहा माणसांच्या घरात नुसत्या संडासाला दिवसाला दोन-अडीचशे लिटर लागतं. हजार लिटरची टाकी चार-पाच दिवसांत संपते, आणि तीही त्यातलं प्यायला एक भांडं घेतलं नाही तर. २०१९ ला पाणी आठवड्याहून जास्त धोका पातळीच्या वर होतं. पुढे कृष्णेला पूर असला की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी अडतं, फूग, म्हणजे तुंबलेलं पाणी, मागे सरकते, आणि पाऊस थांबला तरी पाणी हलत नाही. गच्चीवर ताडपत्री बांधून पावसाचं पाणी बादल्यांत धरता येतं, आम्ही धरलंही. त्याने पाण्याची सोय झाली. वास, कोंडी आणि आईच्या गुडघ्यांचे हाल तसेच राहिले. तिला गॅलरीतून बोटीत उतरवायचं तर चौघांनी धरावं लागलं असतं, आणि तिने त्याला ठाम नकार दिला.

बोटीचा भरवसा धरून थांबणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटून कितीतरी माणसं गेली. ती गावातून सुटका करून घ्यायलाच निघाली होती. पाणी वाढल्यावर निघणं हे पाणी येण्याआधी निघण्यापेक्षा केव्हाही जास्त धोक्याचं आहे, आणि वर थांबणारा माणूस शेवटी बहुतेक वेळा तेव्हाच निघतो.

आता घर सोडण्याच्या अडचणी. त्याही खऱ्या आहेत. पहिली म्हणजे संकोच. पाहुण्यांकडे सहा माणसं घेऊन किती दिवस राहायचं? निवारा केंद्र म्हणजे शाळा किंवा मंगल कार्यालय, तिथे जेवण मिळतं, औषधं मिळतात, पण आडोसा मिळत नाही. दुसरी म्हणजे बाहेर पडल्यावर सगळं आलबेल असतं असंही नाही. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्ग बंद झाला आणि कोरड्या भागातही दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. तिसरी म्हणजे फुकटची धावपळ. २०२४ ला पातळी ४७ फुटांच्या घरात गेली, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, आणि तरीही आम्ही बाहेर होतो. घरात कुरकुर झाली. मला मात्र तो वेळ वाया गेला असं वाटलं नाही.

ही धावपळ कमी करायची तर स्वतःच्या घराचे दोन आकडे काढून ठेवावेत. भिंतीवर २०१९ किंवा २०२१ ची खूण असेलच. तिच्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजायचं आणि त्या वर्षीच्या सर्वोच्च पातळीतून वजा करायचं. उत्तर अंदाजेच येतं, कारण बंधाऱ्याजवळचं पाणी आणि गल्लीतलं पाणी एकाच मापाने चढत नाही, तरी फूटभराच्या फरकाने उपयोगी पडतं. दुसरा आकडा रस्त्याचा, म्हणजे घरातून उंच भागाकडे जायचा रस्ता कोणत्या पातळीला बंद होतो तो. आमच्याकडे हा उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा चांगला तीन फुटांनी कमी आहे. निघायचं ते या दुसऱ्या आकड्याच्या आधी. जुनी माणसं रेडेडोह फुटला, म्हणजे तिथे नदी पात्र सोडून शेतात पसरली, की शहरावरचा ताण कमी होतो म्हणतात. त्यांच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही, पण घरात म्हातारं माणूस असताना त्याची वाट बघत बसणार नाही.

शिरोळकडच्या वाचकांना यातलं पुष्कळ लागू नाही. तिथे दावणीची जनावरं निर्णय घेतात. गाई-म्हशींना माडी नसते, आणि वैरण पाण्यात गेली की मालकाचा पाय निघत नाही. तिथे आधी जनावरं उंचावर हलवणं, मग माणसं, हाच क्रम लोकांनी लावून घेतलाय, आणि तो मला बरोबर वाटतो.

तर माझा कल घर सोडण्याकडे आहे, हे एव्हाना कळलंच असेल. घरात सगळे धडधाकट, संडासाचा पाइप वर-खाली वेगळा, टाकी मोठी, असं असेल तर थांबणाऱ्याला मी अडवणार नाही. वृद्ध, लहान मूल, गरोदर बाई किंवा रोजच्या औषधावरचं माणूस असेल तर मात्र थांबण्याचा विचार करू नये. गाळाचा प्रश्न आम्ही असा सोडवला: सगळे बाहेर, आणि रस्त्यावरून सुरक्षित चालत जाता येण्याइतकं पाणी उतरलं की दोन तरुण गमबूट घालून, खराटे घेऊन आधी पोचतात. थांबण्याइतकं स्वच्छ होत नाही, पण बरंचसं होतं. लेप्टोच्या (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घेतलेल्या असतात, कारण पायाला जखम होतेच.

निघताना मेन स्विच बंद करा, कागदपत्रांची पिशवी माणसाच्या अंगावर ठेवा, सामानात नको. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवा. आणि खालच्या संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली जाड पिशवी घट्ट दाबून ठेवा, मोरीच्या जाळीवरही एक. मोठा पूर त्याने अडत नाही. पण पाणी उंबऱ्याच्या आत शिरणार नाही अशा वर्षी ड्रेनेजचं घाण पाणी घरात येत नाही, आणि आमच्याकडे २०२४ ला तेवढ्यावरच भागलं.