सव्वा लाखाची ७०-२०० : नऊ महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये, पालखी पुण्यात यायच्या आठवडाभर आधी, ७०-२०० मिलिमीटरची, एफ २.८ ची झूम लेन्स घेतली. सेकंडहँड, सव्वा लाखाला. कॅमेऱ्याची बॉडी जुनीच, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची. त्याआधी पाच वर्षं कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५, म्हणजे किट लेन्स, वापरत होतो आणि फोटो फसला की खापर तिच्यावर फोडत होतो.

आधी चांगलं सांगतो, कारण लेन्स खरंच उत्तम आहे. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स ५५ ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ही २.८ ला उघडते, म्हणजे चौपट प्रकाश. जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ६४०० लावायचो तिथे १६०० वर भागतं. फोकस झटकन बसतो. वजन दीड किलोच्या आसपास, त्यामुळे तिसऱ्या दिवशी रुंद पट्टा आणावा लागला.

आता दिवे घाट. मी कठड्याजवळ उंचावर उभा राहून दिंड्या टिपत होतो. क्रॉप सेन्सरवर २०० म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या जवळपास ३०० चा कोन, त्यामुळे पार खालच्या वळणावरच्या तुळशीवाल्या आज्जी फ्रेमभर दिसायच्या. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितलं तर चारशे फोटो आणि सगळे एकसारखे. चेहरा, मागे धूसर रंग, बास. घाट कुठे गेला, पाऊस कुठे गेला, काही पत्ता नाही.

माझी मामेबहीण बरोबर होती, तिच्याकडे माझीच जुनी १८-५५. ती टँकरपाशी एका आज्जींशेजारी खाली बसली होती. आज्जी पाय धुत होत्या, वृंदावन बाजूला दगडावर टेकवलेलं. दहा मिनिटं नुसत्या गप्पा, मग तीन फोटो. त्यातल्या एकात पायांच्या भेगांतून पाणी ओघळतंय आणि मागे सगळा घाट वर चढत गेलाय. संध्याकाळी मला म्हणाली, "दादा, तू एकाही माऊलीशी बोलला नाहीस ना आज?" नव्हतोच बोललो. सव्वा लाख घालून मी लांब उभं राहायची सोय करून घेतली होती.

लेन्सने माणूस जवळ येतो असं आपल्याला वाटतं, पण येतो फक्त त्याचा आकार. समोरच्या आणि मागच्या गोष्टींचं एकमेकांशी नातं आपण किती अंतरावर उभे आहोत त्यावर ठरतं, आणि ते अंतर पायांनीच बदलावं लागतं.

गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव चालतो, तिथे दुसरा धडा. संध्याकाळची वेळ, शटर १/६० सेकंद. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर सावरायची सोय, आहे म्हणून निश्चिंत. ढोलाची दोरी अन् दोरी दिसतेय आणि टिपरू धरलेल्या हाताच्या जागी नुसता धूर! स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, वाजवणाऱ्याचा नाही. इतकी साधी गोष्ट पाच वर्षांत माझ्या डोक्यात शिरली नव्हती, कारण फोटो हलला की "किट लेन्स आहे" म्हणून मी मोकळा व्हायचो. १/५०० केल्यावर हात थांबला. मग मुद्दाम १/३० वर नेऊन हात फिरू दिला आणि चेहरा स्थिर असताना दाबलं, तो त्या आठवड्यातला सगळ्यात बरा फोटो.

उघड्या २.८ चं वेडही असंच. २०० ला, तीन मीटरवरच्या चेहऱ्यात धारदार भाग जेमतेम अडीच सेंटिमीटर. डोळा लख्ख, कान गायब. भाचीच्या बारशाला बाळ आणि आत्या एका फ्रेममध्ये घेतल्या तर आत्या कोण हे ओळखू येईना. आत्या अजून बोलून दाखवते. आता अशा वेळी ५.६ किंवा ८ ठेवतो, म्हणजे फिरून किट लेन्सच्याच आकड्यावर.

दिवाळीनंतर दीड महिना ही लेन्स कपाटात ठेवली आणि १८-५५ ला ३५ वर चिकटपट्टी लावून फिरलो. रोज तुळशीबागेत अर्धा तास. झूमची कडी फिरत नसल्यामुळे आधी प्रकाश कुठून येतोय ते बघायची सवय लागली. दुपारी दुकानावरच्या पत्र्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे पडतात. त्या पट्ट्यात कोणी येईपर्यंत थांबायचं. कधी वीस मिनिटं काहीच नाही.

घ्यावी का? नाट्यगृहात किंवा लग्नात पैसे घेऊन काम करत असाल तर जरूर घ्या, तिथे स्टेजवर चढता येत नाही आणि उजेड आपल्या हातात नसतो. भिगवणला पक्ष्यांसाठी घेणार असाल तर २०० कमीच पडतं. वाड्यात, गल्लीत तर ७० वर सुद्धा सगळं अंगावर येतं. हौस असेल तर आधी दोन दिवस भाड्याने आणा. आणि पुण्या-कोकणात राहत असाल तर हवाबंद डबा, सिलिका जेल पहिल्याच दिवशी. माझ्या एका जुन्या लेन्समध्ये श्रावणात बुरशी धरली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

मी विकणार नाही. मे महिन्यात मामेबहिणीच्या मुलीचा कथकचा कार्यक्रम आहे, तिथे लागेल. जूनला घाटात मात्र १८-५५ नेतोय, आणि टँकरपाशी बसायला एक जुनं पोतं.