न्यूट्रल मास्क: लंडनमधल्या एका वर्षाच्या वापरानंतर

कोर्स संपला, डिपॉझिट परत आलं, पण मास्कच्या नुकसानीचे पैसे कापून. नुकसान म्हणजे तुटलेला इलॅस्टिकचा पट्टा आणि हनुवटीपाशी गेलेला तडा. पट्टा सैल आहे हे आम्ही पहिल्याच टर्ममध्ये लेखी कळवलं होतं. मेलवरचं भांडण अजून चालू आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, पण मूव्हमेंट आणि अभिनयाच्या एमएसाठी कर्ज काढून निघालेल्यांनी हे वाचून जावं. तिथे फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांच्या पद्धतीने शिकवतात: न्यूट्रल मास्क, म्हणजे कसलाही भाव नसलेला, पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा घालायचा आणि न बोलता नुसत्या शरीराने काम करायचं.

माझी मुख्य तक्रार मापाची आहे. न्यूट्रल मास्क चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा हवा, चेहऱ्याला चिकटता कामा नये, हे लकॉक यांनी स्वच्छ सांगून ठेवलंय. इटलीतल्या पादुआच्या आमलेतो सार्तोरींनी त्यांच्यासाठी चामड्याचा मास्क घडवला. आमच्याकडे होते प्लास्टिकचे, सगळे एकाच मापाचे. माझ्या गालाच्या हाडांवर तो रुतायचा. आत घाम, श्वासाची वाफ, आणि मास्कला हात लावायचा नाही हा नियम. स्तब्ध उभं राहायचं, पण सगळं लक्ष नाकाच्या शेंड्यावर. इतकी फी घेणाऱ्या शाळेने नेमक्या याच वस्तूत काटकसर करावी याचा मला आजही संताप येतो.

पहिले काही महिने माझं मत साफ वाईट होतं. पुण्यातल्या एकांकिका स्पर्धांत वाढलेल्या नटाला स्टेजवर सतत काहीतरी करत राहायची सवय असते. आपण पॉज घेतो तोही टाळी वसूल करायला. इथे पहिला व्यायाम झोपेतून जागं होण्याचा: जग पहिल्यांदाच दिसतंय असं बघायचं, बस. मी उठले की शिक्षिका म्हणायच्या, "जास्त होतंय. पुन्हा." व्हिसासोबत आरोग्यसेवेसाठी भरायचा इमिग्रेशन हेल्थ सरचार्जच वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. स्टुडंट व्हिसावर कलाकार म्हणून पैसे घेऊन काम करायला बंदी, म्हणून संध्याकाळी कॅफेत कप विसळायचे. एवढं सोसून वर्गात नुसतं उभं राहायचं, हे पचत नव्हतं.

मत बदललं ते 'नावेला निरोप' या व्यायामात. जिवाचं माणूस बोटीतून निघालंय, तुम्ही धक्क्यावर धावत येता आणि हात हलवून निरोप देता, एवढंच. माझा एक कोरियन वर्गमित्र करत होता. हात वर गेला आणि तोच सैल पट्टा तुटला. मास्क फरशीवर आपटला, तडा गेला तो तेव्हाच. तो वळला नाही. कपाळावर इलॅस्टिकचा लाल वळ, वरच्या ओठावर घाम, नजर तशीच लांब. भुवई हलली नाही. हात आपल्याच वजनाने खाली आला. शिक्षिकांनी थांबवलं नाही, नंतर एक अक्षर बोलल्या नाहीत. स्टेजवर धाय मोकलून रडणारे नट मी पुष्कळ पाहिलेत, पण माणसाचा इतका उघडा चेहरा कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर मी तक्रार बाजूला ठेवून काम केलं. चेहरा झाकला की नटाची हुकमी हत्यारं जातात आणि बाकीचं शरीर चव्हाट्यावर येतं. माझा उजवा अंगठा सतत तर्जनीवर घासला जातो हे मला तिथे कळलं, वर्गाला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तो अंगठा थांबायला कित्येक आठवडे गेले. आणि तो थांबला तेव्हा छातीत जे भरून आलं, त्याला काही कारण नव्हतं, मला ते कुणाला समजावूनही सांगावं लागलं नाही.

असं समजावून सांगावं न लागणं फार मोलाचं आहे. याउलट एका पाहुण्या शिक्षकांनी आम्हाला गोलात बसवून लहानपणीचं दुःख सांगायला लावलं. दोघी रडल्या, मग चहाची सुट्टी झाली. त्यांची विचारपूस कुणी केली नाही. ही मी हिंसाच समजते. मास्क तुमचा खाजगी इतिहास मागत नाही. शिवाय मास्क घालून बोलायचं नसतं. व्हॉइसच्या तासाला माझ्या उच्चारांची रोज दुरुस्ती व्हायची, त्यामुळे परकी न वाटण्याची माझी हक्काची जागा मास्कचा तास ही एकच होती.

शेवटच्या टर्ममध्ये एका मैत्रिणीने कागदी लगद्याचा, चेहऱ्याहून बोटभर मोठा मास्क केला. तो घातला आणि श्वास बाहेर जायला वाट मिळाली, खांदे आपोआप उतरले. म्हणजे निम्मं वर्ष मी प्लास्टिकशीच झगडत होते. म्हणून पद्धतीला पूर्ण गुण, शाळेच्या सामानाला शून्य.

प्रवेशाच्या मुलाखतीला गेलात तर मास्क हातात मागा. घालून बघा. गाल आणि कड यांत बोट जातं का, पट्टा नवा आहे का, किती जणांत एक मिळणार, हे विचारा. टाळाटाळ झाली तर फी भरू नका. पुण्यात चार जण जमवून हे काम सुरू करता येतं: मातीचा साचा, जुने पेपर, खळ आणि उन्हाळ्याचे दिवस. साचा मात्र स्वतःच्या चेहऱ्यावरून घेऊ नका, तसा मास्क चेहऱ्याला चिकटणारच. मातीत हाताने घडवा आणि सगळ्या बाजूंनी मोठा ठेवा.